कश्काइशला मुक्काम करावा की लिस्बनला? (पोर्तुगाल, आई-बाबांसोबत)

निळीशाई
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेरीस आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे जर्मनीत येताहेत. त्यांना घेऊन आठवडाभर पोर्तुगालला जायचं ठरतंय. नवऱ्याचं म्हणणं, लिस्बनला राहू आणि जवळचं समुद्रकाठचं कश्काइश एका दिवसात उरकू. मला उलट वाटतंय. राहायचं कश्काइशला, आणि लिस्बनला मनात आलं की जायचं.

अडचणी अशा: बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. आई शाकाहारी, अंडंही नाही. मुलगा आठ वर्षांचा, एकदा पाण्यात शिरला की बाहेर काढायला मिनतवाऱ्या कराव्या लागतात. आम्ही दोघं काहीही खातो, कुठेही झोपतो.

कुणी तिथे राहून आलंय का? कौतुकाचे लेख पुष्कळ वाचले, खरं काय ते सांगा.

कट्ट्यावरचा
वाचतोय. खुर्ची पकडून ठेवली आहे.

पेडणेकर_लिस्बन
मी मूळचा पेडण्याचा, सध्या लिस्बनला नोकरी. कश्काइश म्हणजे आमचं रविवारचं ठिकाण.

ताई, तुमच्या बाजूने मत. काइश दो सोद्रे स्टेशनातून लोकल निघते, दर वीसेक मिनिटांनी एक, साधारण चाळीस मिनिटांत शेवटचं स्टेशन कश्काइश. जाताना डाव्या बाजूला बसा. आधी तेजू नदीचं मुख, मग समुद्र, आणि काही ठिकाणी गाडी पाण्याच्या इतकी जवळून जाते की भरतीच्या लाटांचा फवारा भिंतीवर दिसतो. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत वाळू.

गुडघ्यासाठी लिस्बन वाईटच. आल्फामा, बाइरू आल्तू ही सगळी चढाची वस्ती. कश्काइशचा जुना भाग त्या मानाने सपाट. फक्त रस्त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या दगडी फरशीला जपा, पाऊस पडला की ती गुळगुळीत होते. बाबांना रबरी तळाचे बूट घ्या, चामड्याचे नकोत.

सह्यकडा
मी विरोधी पक्षात. कश्काइश हे लिस्बनच्या श्रीमंतांचं उपनगर आहे हो. यॉट, गोल्फ, महागडी घरं. पोहण्यासाठी जायचं असेल तर दक्षिणेला आल्गार्व्ह. पाणी त्यातल्या त्यात बरं, पिवळे कडे, गुहा, मुलाला धमाल. कश्काइशला पाण्यात पाय घातला की मेंदूपर्यंत कळ जाते.

मत्स्यपुराण
सह्यकडा, कळ जाते त्याचं कारणही लिहा की राव.

सह्यकडा
अटलांटिक आहे, गार असणारच. कारण काय लिहायचं त्यात?

भूजलवाला
नाही, नुसतं अटलांटिक म्हणून नाही. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो. तिथे त्याला नोर्ताडा म्हणतात. तो वारा आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, दोन्ही मिळून वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात. त्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातही पाणी १८-१९ अंशांच्या आसपास. आल्गार्व्हचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून असल्याने तिथे दोन-तीन अंश जास्त मिळतात. भूमध्य समुद्राची ऊब मात्र दोन्हीकडे नाही.

तेच थंड पाणी तळातलं खाद्य वर आणतं, म्हणून त्या किनाऱ्यावर तारली एवढी. पोहणाऱ्यांची गैरसोय ती मासेमारांची सोय.

@निळीशाई, कश्काइशचा उपसागर सिंत्राच्या डोंगराच्या आडोशाला आहे, दक्षिणेकडे उघडा. त्यामुळे गावातल्या छोट्या किनाऱ्यांवर वारा आणि लाटा दोन्ही कमी. तिथून सातआठ किलोमीटरवर गिंशूचा किनारा आहे, तो वाऱ्याच्या थेट तोंडावर. वाळू अंगाला टोचते. पतंग आणि फळ्या घेऊन पाण्यावर उडणाऱ्यांचं ते तीर्थक्षेत्र. मुलाला पाहायला न्या, पोहायला नको.

निळीशाई
भूजलवाला, हे फार कामाचं. म्हणजे मुलाला वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घेतला तर गावातल्या किनाऱ्यावर चालेल?

पेडणेकर_लिस्बन
चालेल. लहान मुलं तर वेटसूटशिवायही तासन्‌तास डुंबतात, थंडी आपल्यालाच वाजते. कोंसेइसाव आणि दुकेझा हे दोन किनारे एकमेकांना लागून आहेत, घेऊन जा. झेंडा बघायला शिकवा: हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर पोहायचं नाही, लाल असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. जीवरक्षक शिट्टी मारतात आणि ती ऐकावी लागते.

गोडाचा_शिरा
सगळे पाण्यावरच अडकलात. काकूंच्या जेवणाचं बोला. अंडं न खाता पोर्तुगाल म्हणजे अवघड काम आहे. तिथल्या मिठाया बहुतेक अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या. सांगतात असं की मठांत झग्यांना खळ करायला पांढरा बलक वापरायचे, मग उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय, म्हणून जोगिणींनी साखरेत शिजवलं. पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी पेस्ट्री, ती तर गेलीच, पण सिंत्राची क्वेजादा चीजची म्हणून विकतात, त्यातही अंडं असतंच.

कट्ट्यावरचा
म्हणजे काकू तिथे एकादशी करणार, तीही दुप्पट खाशी न होता.

आजीचा_डबा
एवढं काही नाही. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्याही कांदा-लसूण खातात पण बाकी कडक. आमचं असं जमलं:

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, हॉटेल नको. पोर्तुगीज लोक युरोपात सगळ्यात जास्त भात खाणारे, त्यामुळे कुठल्याही सुपरमार्केटात तांदूळ चांगला मिळतो. डबाबंद छोले, राजमा, पालक, टोमॅटो, दही सगळं आहे. मसाल्याची छोटी डबी आणि कुकर घेऊन गेलात की रात्रीचं जेवण घरी. दुपारी बाहेर.

बाहेर भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं. पण विचारा, पाणी मांसाचं आहे का. काल्दू व्हेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं सूप छान दिसतं, त्यात सॉसेजची चकती टाकतात आणि "ती बाजूला काढा" म्हणून आपल्याला समजावतात. टोमॅटोचा भात, राजम्याचा भात हे माशासोबत येणारे पदार्थ, नुसतेही देतात, पण तेही विचारून घ्या.

आणि मुख्य गोष्ट. बसल्या बसल्या टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज येतं. मागवलेलं नसतं. ते फुकट नाही! खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर लागत नाही. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, कुणी वाईट मानत नाही.

गोडाचा_शिरा
हे ऑलिव्हचं प्रत्येक पर्यटनस्थळाच्या दारावर पाटी लावून लिहायला हवं.

मत्स्यपुराण
शाकाहार झाला असेल तर आता बोलू का?

तारल्या! मालवणी माणसाक तारल्यांची अपूर्वाई कसली, असं मला वाटायचं. पण तिथे तारलीला जाडं मीठ लावून कोळशावर भाजतात, पोट साफही न करता, आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर देतात. तिरफळ नाही, आमसूल नाही, हळद नाही. जून ते सप्टेंबर त्या चरबीने भरलेल्या असतात, तेव्हा मसाल्याची गरजही नाही. ऑक्टोबरनंतर गेलात तर गोठवलेल्या मिळतात.

गंमत म्हणजे समोर एवढा मासा असून तिथला राष्ट्रीय पदार्थ बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, आणि तो येतो नॉर्वे-आइसलंडकडून. दुकानात फळ्यांसारखा रचून ठेवतात. वास दारातच भेटतो. आमच्या मालवणच्या सुक्या बाजारातून गेलेल्याला काही वाटणार नाही, सातारकर बाबांबद्दल खात्री देत नाही.

निळीशाई
बाबा सुकटीचे शौकीन आहेत. आईला लांब उभं करू.

शिलालेख
अवांतर करतो, आधीच दिवा घेतो.

कश्काइश हे मूळचं मासेमारांचं गाव. १७५५ च्या भूकंपात पार उद्ध्वस्त झालं होतं. राजा लुईश पहिला याने १८७० पासून किल्ल्यातल्या जुन्या राज्यपालाच्या घराला उन्हाळ्याचा राजवाडा केलं आणि मागोमाग दरबार, सरदार, सावकार सगळे आले. पोर्तुगालमध्ये विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते याच किल्ल्यात, १८७८ मध्ये, राजपुत्राच्या वाढदिवसाला. १८८९ मध्ये रेल्वे आली, आणि त्याच वर्षी लुईश याच किल्ल्यात वारला. ज्याच्या वाढदिवसाला दिवे लागले तो कार्लुश पुढे राजा झाला, समुद्रशास्त्राचा मोठा नादी. त्याच्या नावाचं समुद्र संग्रहालय गावात आहे, मासेमारांचं आयुष्यही त्यात दाखवलंय. आठ वर्षांच्या मुलाला आवडेल. कार्लुशची मात्र १९०८ मध्ये लिस्बनच्या चौकात हत्या झाली आणि दोन वर्षांत राजेशाहीच गेली. किल्ल्यात आता हॉटेल आहे आणि कलादालनं.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, मग हा किनारा पदच्युत राजांनी भरला. इटलीचा उंबेर्तो दुसरा महिनाभर राजा होता, १९४६ च्या जनमतात राजेशाही हरली, तो इथे कश्काइशला येऊन राहिला. रुमानियाचा कारोल दुसरा शेजारच्या एस्तोरिलला वारला, १९५३ मध्ये. हंगेरीचा माजी सत्ताधीश होर्थी तिथेच, १९५७ मध्ये. स्पेनच्या गादीचा दावेदार दोन ह्वान एस्तोरिलला राहायचा. त्याच्या मुलाच्या लहानपणाचा काही काळ तिथे गेला, आणि तो मुलगा ह्वान कार्लोस १९७५ मध्ये खरंच राजा झाला.

कट्ट्यावरचा
बिनगादीच्या राजांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी. वार्षिक सभेत अध्यक्षपदावरून काय राडे होत असतील!

सह्यकडा
मी म्हटलं ना, श्रीमंतांचं उपनगर. शंभर वर्षांपूर्वीही तेच.

शिलालेख
पुढचं अवांतर, हे आपल्याकडचं. कश्काइशहून बसने सिंत्राला जाता येतं. तिथे पेन्या व्हेर्द नावाची वाडी आहे, ती जुआंव द कास्त्रोची. हा १५४५ ते १५४८ गोव्याचा गव्हर्नर, शेवटी व्हाइसरॉय. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्याने गेला तेव्हा त्याने घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन लिहून ठेवलं, मोजमापांसकट. १५४६ मध्ये दीवचा वेढा उठला, किल्ला ढासळला होता, पैसा नव्हता. गोव्याच्या नगरपालिकेकडून कर्ज मागताना तारण म्हणून त्याने दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसेही दिले आणि दाढीही परत केली.

या माणसाच्या वाडीत एक संस्कृत शिलालेख आहे. सोमनाथचा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, इ. स. १२८७ चा, पाशुपत (शैव) आचार्य त्रिपुरांतकाची प्रशस्ती. कास्त्रोनेच तो नेला असं मानतात. जर्मन संस्कृतपंडित ब्यूलर यांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं, आणि अभ्यासकांत तो 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणूनच ओळखला जातो. वाडी खासगी मालकीची, आत जाता येत नाही. रस्त्यावरून कमान दिसते.

वसईची_मोहोर
आम्ही वसईवाल्यांनी हिशोब बराच चुकता केलाय! १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा देशावर गेल्या. एक मेणवलीला, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. त्यांचा शिलालेख, आमच्या घंटा.

शिलालेख
सोमनाथचा शिलालेख आणि वसईच्या घंटा, दोन्हींत मूळ मालकाला कुणी विचारलेलं नाही. बरोबरी झाली म्हणू नका.

वसईची_मोहोर
मान्य. पण नारोशंकराची घंटा निदान सगळ्यांना बघता येते, आत जायला कुणाची परवानगी लागत नाही.

पेडणेकर_लिस्बन
सिंत्राला गेलातच तर गुडघ्याचा विचार करून मोन्सेरातचा राजवाडा आणि बाग बघा. पेना राजवाडा रंगीबेरंगी आहे, पण चढ आणि रांग दोन्ही भरपूर, तिकिटावर वेळ छापलेली असते. मोन्सेरातला त्यापेक्षा खूप कमी गर्दी. तिथल्या बागेत भारतातून नेलेली दगडी कमान उभी आहे, बाबांचा फोटो तिथे काढा. परत वर चढताना मात्र हळू.

आजीचा_डबा
आणि काबो दा रोका राहिलं. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. बस अगदी जवळ थांबते, त्यामुळे ज्येष्ठांना सोपं. कडा १४० मीटरचा आहे, कुंपणापलीकडे जाऊन फोटो काढणाऱ्यांना बघून जीव वर येतो. मुलाचा हात धरा. वारा इतका की सासूबाईंचा पदर डोक्यावर राहीना, शेवटी स्वेटरच्या आत खोचला.

कोथरूडचा_कंटाळा
सगळं छान, पण कुणी सांगेल का, आठवडाभर त्या गावात करायचं काय? लिस्बनला संग्रहालयं आहेत, बेलेंचा ऐतिहासिक भाग आहे, ट्राम आहे. कश्काइश दोन तासांत संपतं.

आजीचा_डबा
दोन तासांत "बघून" संपतं. सत्तरीच्या माणसांना बघून संपवायचं नसतं. सकाळी चहा, मग समुद्राच्या कडेने चालणं, दुपारी झोप, संध्याकाळी आइस्क्रीम. आमच्या सासूबाई रोज त्याच बाकावर बसायच्या आणि एका पोर्तुगीज आजींशी गप्पा मारायच्या. भाषा कुणालाच येत नव्हती. सुना हा विषय असावा असा माझा अंदाज.

गोडाचा_शिरा
😂 विषय तोच असणार.

पेडणेकर_लिस्बन
चालण्याबद्दल एक कामाची गोष्ट. कश्काइशपासून एस्तोरिलच्या पुढे साव जुआंवपर्यंत पाण्याला लागून सिमेंटचा सपाट रस्ता आहे, साधारण तीन किलोमीटर. वाटेत मोंते एस्तोरिल आणि एस्तोरिल स्टेशनं अगदी रस्त्यालगत. बाबांचा गुडघा बोलायला लागला की तिथून लोकल पकडून परत. कारंजी, बाग आणि मागे एस्तोरिलचा कॅसिनो. तो बघून बरेच लोक निराश होतात, कारण आजची इमारत साठच्या दशकातली काचेची आहे. झुंबरं, जिने असलं काही नाही.

दुसऱ्या दिशेला, पश्चिमेकडे, सांता मार्ताचं निळ्या पट्ट्यांचं दीपगृह आणि पुढे बोका दु इन्फेर्नू, म्हणजे खडकातली मोठी फट. समुद्र उधाणलेला असेल तर लाट आत घुसून कोसळते. शांत असेल तर लोक येतात, "हेच का?" म्हणतात आणि जातात.

शिलालेख
त्याच जागी १९३० मध्ये अलिस्टर क्रोली या इंग्रज मांत्रिकाने आत्महत्येचं नाटक केलं होतं. चिठ्ठी ठेवून गायब. बातमी पसरवायला कवी फर्नांदू पेसोआने मदत केली. काही आठवड्यांनी महाराज बर्लिनमध्ये प्रकट झाले.

कट्ट्यावरचा
बुवाबाजीत आपण उगाच स्वतःला आघाडीवर समजतो.

डॉकयार्ड
कुणी पैशांचं बोलत नाही म्हणून मीच. कश्काइश महाग आहे. राहण्याचे दर लिस्बनच्या मध्यभागाइतके, उन्हाळ्यात वरचढच. वर रात्री-माणशी पर्यटन कर. बस फुकट असल्याचं नेटवर वाचाल, ती स्थानिक रहिवासी, तिथे नोकरी करणारे आणि शिकणारे यांना, पर्यटकांना नाही. पैसे वाचवायचे तर लोकलच्याच मार्गावर कार्काव्हेलुशला राहा. मोठा किनारा, विद्यार्थ्यांची वस्ती, खाणं स्वस्त.

पेडणेकर_लिस्बन
हे खरं. आणि महागाईचा दुसरा चेहरा आम्ही इथे राहणारे बघतो. परदेशी पैसा, पर्यटकांना दिलेली घरं. परदेशी लोकांनी घर विकत घेऊन राहण्याचा परवाना मिळवायची सोय २०२३ मध्ये बंद झाली, पण भाडी खाली आलेली नाहीत. गावात ज्यांचे आजोबा मासे धरायचे ते आता लोकलने लांबून कामाला येतात. घर भाड्याने घेताना नोंदणी क्रमांक असलेलंच घ्या, जाहिरातीत तो दिसायला हवा. भाडं देताना एवढं तरी बघा.

सह्यकडा
चला, आता कुणीतरी माझ्या बाजूचं बोललं.

पेडणेकर_लिस्बन
तुमच्या आल्गार्व्हमध्ये तर याहून वाईट स्थिती आहे, सह्यकडा.

सह्यकडा
😐

भूजलवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. चार पिढ्यांच्या नाही तरी तीन पिढ्यांच्या गरजा आहेत. लिस्बनला राहिलात तर रोज सकाळी "आज कुठे" आणि रोज संध्याकाळी पाय दुखले. कश्काइशला राहिलात तर आजी-आजोबा गावात, तुम्ही दोघं एखाद्या संध्याकाळी लोकलने लिस्बनला जाऊन रात्री परत. नवऱ्याला लिस्बनची भूक असेल तर शेवटची रात्र लिस्बनला ठेवा, म्हणजे विमानतळही जवळ. रेल्वेचे संप अधूनमधून होतात, त्यामुळे विमानाच्या दिवशी लोकलवर विसंबू नका.

निळीशाई
शेवटच्या रात्रीची कल्पना नवऱ्याला वाचून दाखवली. "हे मी आधीच म्हणालो होतो" असं उत्तर आलं. तेव्हा ठरलं. कश्काइशला जिन्याशिवायचं, स्वयंपाकघरवालं, नोंदणी असलेलं घर शोधतेय. स्टेशनपासून चालत, पण बाजारपेठेच्या आवाजात नाही. कुकर साताऱ्याहून येतोय, तीन लिटरचा.

मत्स्यपुराण
बाबांना तारल्या खाऊ घाला आणि कळवा. गिंशूच्या रस्त्यावर पेर्सेब्श मिळाले तर तेही. खडकांना चिकटलेला प्राणी, दिसायला भयंकर, चव निव्वळ समुद्राची. लाटा फुटतात तिथून जीव धोक्यात घालून काढतात म्हणून महाग.

टेम्सकाठ
मध्येच घुसतो. आम्ही लंडनला, दोघांचेही भारतीय पासपोर्ट, ब्रिटनचा रहिवास आहे. पोर्तुगालला तेवढ्यावर जाता येईल का?

डॉकयार्ड
नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच. जास्त दिवस पोर्तुगालमध्ये असाल तर अर्जही पोर्तुगालकडेच. सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करायला हवा, पण उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून लवकर हालचाल करा. विमा किमान ३०,००० युरोचा. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, पहिल्या वेळी विमानतळावर जादा वेळ धरा.

निळीशाईंच्या आई-बाबांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा असेल आणि मुख्य मुक्काम जर्मनीतच असेल तर पोर्तुगालसाठी वेगळं काही नको. एकदाच प्रवेशाचा असला तरी चालतो, कारण शेंगेनच्या बाहेर जात नाहीत. विमान शेंगेनमधलंच असलं तरी पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, फोटोकॉपी चालत नाही.

टेम्सकाठ
धन्यवाद. बायकोला सांगतो की आधी भेटीची वेळ, मग हॉटेल.

कट्ट्यावरचा
तिने तिकिटं काढली असतील आधीच. विचारून घ्या.